रकाना रिकामा चालत नाही

सोमवार, ता. ४

घेत नाही म्हणे. कॉम्प्युटर रिकामा रकाना घेतच नाही म्हणे. मग मी काय करू? बावीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या, एकवीस वर्षं याच खोलीत काढली, तेव्हा कुणाला प्रश्न पडला नाही की ही बाई कोण. आज तो क्वार्टर ऑफिसातला कारकून खिडकीआडून मान वर न करता विचारतो, "दर्जा सांगा." मी म्हटलं, कशाचा, कापडाचा? तर म्हणे वैवाहिक दर्जा. चार नावं आहेत, एकावर बोट ठेवायचं. अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. मी म्हटलं, पाचवं काढा. नवरा बॉयलरचा सुटा भाग आणतो सांगून गेला आणि अकरा वर्षं झाली, भागही नाही आणि नवराही नाही, असं. रांगेतले हसले. तो हसला नाही. त्याने पडदा माझ्याकडे फिरवला आणि मला मोजून दाखवलं, चारच आहेत.

आता इस्पितळाच्या नोकरांच्या सगळ्या खोल्या कॉम्प्युटरात चढतायत. आमची खोली अजून नवऱ्याच्या नावावर, कारण तो बॉयलरवर होता म्हणून मिळाली. विवाहित म्हटलं तर नवऱ्याने एकदा त्या खिडकीत येऊन अंगठा लावायचा, खोली आहे तशी राहते. विधवा म्हटलं तर कोर्टाचा कागद आणायचा, मग खोली माझ्या नावावर आणि सासू माझ्यावर अवलंबून म्हणून सोबत. घटस्फोटित म्हटलं तर मी एकटी बाई, मला बायकांच्या वसतिगृहात एक खाट. मी विचारलं, आणि म्हातारी? तो म्हणाला, "घटस्फोट झाल्यावर सासू कुठली, बाई?"

कायद्याने बरोबर बोलला. त्या बरोबरला आग लागो.

शुक्रवार एकोणतीसपर्यंत मुदत. नाहीतर खोली सोडा. रकाना रिकामा चालत नाही, खोली रिकामी चालते.


बुधवार, ता. ६

वकीलबाईंकडे गेले. या फुकट मदत देणाऱ्या वकील. चार महिन्यांपूर्वी पहिली नोटीस आली तेव्हा यांनीच माझा अर्ज कोर्टात टाकला. कायदा असा आहे की एखादा माणूस सात वर्षं दिसला नाही, आणि ज्यांना त्याची खबर लागायला पाहिजे होती त्यांनाही लागली नाही, तर कोर्ट त्याला मेलेला धरतं. तारीख सत्तावीस लागली आहे, बुधवार, सकाळी अकरा.

त्यांनी कॉम्प्युटरात बघितलं आणि म्हणाल्या, अर्जाची स्थिती प्रलंबित आहे. मी म्हटलं, अर्जदाराची पण तीच आहे, अकरा वर्षं.

त्यांनी दोन कामं सांगितली. एक, माझ्यासारखंच सासूचंही प्रतिज्ञापत्र पाहिजे की मुलाची खबर नाही. आईला खबर नाही म्हटल्यावर कोर्ट दुसऱ्या कुणाला विचारत नाही. आणि दुसरं, रोज काय होतं ते लिहून ठेवा, न्यायाधीश काहीही विचारतात आणि तुम्ही फटकळ बोलून जाता. म्हणून ही वही. वही नाहीच, फाटक्या कापडांच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं आहेत. माझी शाळा पाचवीपर्यंत. चुकलं तर चुकलं.


गुरुवार, ता. ७

म्हातारी अंगठा लावत नाही.

सकाळी गोडीत सांगितलं, संध्याकाळी ओरडून सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून बसते. म्हणते, वाचल्याशिवाय लावणार नाही, आणि चष्मा दुकानात पडलाय, वाचू कशी? मी म्हटलं, मी वाचून दाखवते. तर म्हणे, तू घाईत वाचतेस.

चष्म्याच्या दुकानाचं पण मला कळत नाही. दोन महिने झाले एक काडी बसवायला. फोन मात्र करतात. माझा मोबाइल दिवसा तिच्याजवळ असतो, गुडघ्यामुळे ती एकटी बाहेर पडू शकत नाही, काही झालं तर धुलाईत फोन करता यावा म्हणून. मी घरी आले की बघते, चष्म्याचं दुकान, चष्म्याचं दुकान. एक घंटी वाजवायची आणि बंद. एवढी घाई आहे तर काडी बसवा की.

आणि चष्मा नाही म्हणणारी बाई मोबाइल नाकाला लावून दिवसभर काय बघते?


सोमवार, ता. ११

आज सातशे चादरी मोजल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात आता एक चिप शिवलेली आहे. गाठोडं दारातून गेलं की यंत्र प्रत्येक चादरीचा दर्जा सांगतं. वापरात, धुलाईत, तयार, गहाळ, बाद. आधी मी हात लावून सांगायची. आता मी यंत्राला सांगायचं नाही, यंत्राने मला सांगायचं.

भानगड अशी की शिंपी मास्तर फाटलेली चादर इतकी छान शिवतात की ती परत वापरायला जाते. पण यंत्रात ती एकदा बाद झाली की बादच. दारातून नेली की ठणाणा करतं. मास्तर म्हणाले, हिला काय माहीत ती बाद आहे, ती तर अंगावर नीट बसते. मी त्यांना म्हटलं, तत्त्वज्ञान शिवू नका, चिपा काढा. त्यांनी मान खाली घातली आणि काढल्या. मास्तर तसे बरे आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तरी एक शब्द जास्त बोलायचा नाही असा माणूस. माझी पिशवी न सांगता शिवून ठेवली होती. मी विचारलं किती, तर म्हणाले दोरा उरला होता. दोरा कसा उरतो माझ्याच पिशवीपुरता?

गहाळ चादरीचा नियम मात्र मला आवडतो. दोन मोजण्यांत सापडली नाही तर बाद करायची. पण तिसऱ्या मोजणीत सापडली तर? तेव्हा चादरीला कुणी विचारत नाही कुठे होतीस. धुतात आणि वापरतात.


मंगळवार, ता. १२

अंगठा नाही. चहा तिने केला नाही, मी केला नाही. तशाच बसलो.


शुक्रवार, ता. १५

आजची गोष्ट लिहिताना पण अंगाची लाही होते.

सकाळी शिवणखोलीत गाठोडं टाकायला गेले. शिंपी मास्तर म्हणाले, "आज कप उशिरा लागला." मला वाटलं मशीनचा कुठलातरी भाग. मी म्हटलं, लावा मग लवकर. ते म्हणाले, "नाही, तुमचा. रोज साडेसहाला लागतो. आज आठ झाले. म्हटलं बरं नाही की काय."

कसला कप?

त्यांनी आपला मोबाइल काढून दाखवला. माझ्या नंबराखाली, माझ्या नावाखाली, चहाचा कप. आमचा. कान तुटलेला. ते म्हणाले, हे तुमचं स्टेटस, चोवीस तास राहतं, मग पुसतं. काल खिडकी होती. परवा कप आणि बाजूला दुसरा कप. त्याच्या आधी एकदा माझे पाय, टाचांना भेगा पडलेले, मी झोपलेली असताना काढलेले. माझे पाय, सगळ्या ओळखीच्यांना.

मी म्हटलं, हे मी लावत नाही मास्तर, मला ते येतही नाही, हे म्हातारीचे उद्योग. त्यांचं तोंड असं झालं जशी सुई बोटात गेली. "तुम्ही नाही लावत?" म्हणाले. नाही म्हटलं ना. मग ते बराच वेळ मशीनचा पट्टाच बघत राहिले. दोन वर्षं रोज सकाळी बघतो म्हणाले. मी म्हटलं, मग दोन वर्षांत एकदा तरी सांगायचं नाही का? एवढा वेळ आहे माणसाला आणि काम आहे म्हणून चादरी पडून राहतात.

मोबाइल त्यांनीच विकला होता मला, जुना, दोन वर्षांपूर्वी. म्हातारीला हे चाळे शिकवले तेही त्यांनीच, मी कामावर असताना घरी येऊन. तिला शिकायचं होतं, म्हणाले. बघतं कोण ते पण कळतं का, तिने विचारलं होतं म्हणे. कळतं म्हटल्यावर लगेच शिकली.


शनिवार, ता. १६

म्हातारीला झाडली. म्हटलं, आमच्या घरात कप किती आणि माझ्या टाचा कशा हे क्वार्टर ऑफिसातल्या त्या कारकुनालाही दिसतंय, माझा नंबर त्याच्याकडे आहे. कोर्टात उभं राहायचंय मला, तिथे वकीलबाई पण बघतायत कप. अब्रू काही आहे की नाही? ती म्हणाली, मला वाटलं एकालाच दिसतं. मी म्हटलं, कुणा एकाला? तर तोंड भिंतीकडे.

मग मीच बघितलं. खाली डोळ्याची खूण असते, ती दाबली की कुणी कुणी बघितलं ती नावं येतात. शिंपी मास्तर. वकीलबाई. तो रकानेवाला कारकून. आणि सगळ्यांच्या आधी, साडेसहा वाजून दोन मिनिटांनी, चष्म्याचं दुकान.

दुकान उघडतं दहाला. साडेसहाला माझे पाय बघून त्याला काय मिळतं? सोमवारी अर्धी सुटी घेऊन त्याच्या तोंडावर जाते. हातासरशी चष्मा पण आणते, म्हातारीची सबब संपेल.

म्हातारी म्हणाली, जाऊ नकोस. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, का, तुझा कोण लागतो तो? माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली. एका काडीसाठी कुणी रडतं?


सोमवार, ता. १८

चष्मा आणला. तयारच होता, दोन महिने. दुकानदार म्हणाला आजीबाईंना निरोप दिला होता, त्या म्हणाल्या राहू द्या. फोन आम्ही कुणाला करत नाही. नंबर दाखवला तर हसला, बाई हा आमचा नाही.

दुकानाबाहेर पायरीवर बसून मी त्या नंबरला फोन लावला.

उचलला. बोललं नाही कुणी. आधी फुंकर ऐकू आली. फोनमध्ये फुंकर. मग बंद झाला.

बॉयलरखोलीतल्या फोनला काजळी बसायची. तो उचलला की आधी फुंकायचा, मग हॅलो.


मंगळवार, ता. १९

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहिते.

घरी आले, चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला आणि म्हटलं, आता नीट बघून सांग. किती दिवस?

तीन वर्षं. त्याने पहिला फोन केला तेव्हा मी कामावर होते. म्हणाला, आई, मी आहे, तिला सांगू नकोस. एवढंच. परत बोलला नाही. पुढे मास्तरांचा हा मोबाइल आला तेव्हा तिने मास्तरांना सांगितलं, हा चष्म्याच्या दुकानाचा नंबर, नाव घालून द्या. मग रोज सकाळी कप. कप दिसला म्हणजे आई उठली. त्याने बघितलं म्हणजे तो उठला. एक घंटी वाजली म्हणजे त्या दिवशी त्याला जरा जास्त आठवण आली. एवढाच व्यवहार. कुठे आहे, काय करतो, कुणाबरोबर आहे, तिने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

आणि मी अकरा वर्षं स्टेशनं, रुग्णालयं, चौक्या, नातेवाईक, सगळं पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मोबाइल माझा, नंबर माझा. हा नंबर मी बदलला नाही अकरा वर्षांत, दोनदा मोबाइल फुटला तरी तोच ठेवला. का ठेवला मला विचारू नका. लोकांना सवयीचा होता म्हणून.

मी तिला म्हटलं, माझी दया नाही आली? मी जिवंत माणसाच्या मरणाचा कागद मागत फिरतेय आणि तू कप लावतेस?

तेव्हा ती बोलली. तिला बोलताना मी इतक्या वर्षांत असं ऐकलं नव्हतं.

"तो आहे तोवर मी तुझी सासू आहे. तो आहे हे तुला कळलं की तू त्याला सोडशील. तो नाही हे कोर्टाने सांगितलं की तू मोकळी. दोन्हीकडून मी कोण गं? तुझ्या खोलीत पडलेली एक म्हातारी."

मी म्हटलं, दोन्हीकडून तू डोकं खाणारी म्हातारीच. आणि चहा टाकला. दूध उतू गेलं तरी मला दिसलं नाही.


गुरुवार, ता. २१

वकीलबाईंनी बोलावलं होतं. सगळे कागद तयार, फक्त सासूबाईंचा अंगठा राहिला, म्हणाल्या. वहीचं विचारलं. मी म्हटलं घरी विसरले. वही पिशवीत होती, मांडीवर. वकीलबाईंशी खोटं बोलले याचं वाईट वाटलं, त्यांनी चांगलं केलंय माझं. पण ही वही आता कुणाला दाखवायची? ज्याच्यासाठी लिहायला घेतली त्याच गोष्टीवर पाणी फिरवते ही.

शपथेवर सांगायचं असतं तिथे. माझी आता खबर नाही म्हणायची सोय नाही. मी फुंकर ऐकली आहे.

घरी आले तर म्हातारी चष्मा लावून, केस बांधून, बाहेरची साडी नेसून बसलेली. म्हणाली, चल. मी लावते अंगठा. मी म्हटलं कशावर? "मेला म्हणते. कोर्टात सांगते माझा मुलगा मेला. माझ्या तोंडून निघालं की कुणी पुढे विचारणार नाही, तूच म्हणालीस. खोली राहील. आपण राहू."

पंधरा दिवस मी हेच तर मागत होते. आज तिने दिलं तर मला घेववेना. मी म्हटलं, साडी बदला आई, आज कोर्टाला वेळ नाही. ती म्हणाली, उद्या? मी म्हटलं, उद्या पण नाही. त्या माणसाने पळून जाऊन तुमच्याकडून हे पण करून घ्यायचं? मग त्याला काय काम राहिलं?

रात्रीची भाजी तिने केली. मीठ दोनदा पडलं. दोघींनी खाल्ली.


शनिवार, ता. २३

एक गोष्ट कोर्टासाठी म्हणून लिहिली नव्हती. आता कोर्टासाठी नाहीच, म्हणून लिहिते.

तो गेला त्याच्या महिनाभर आधी इस्पितळात नवा बॉयलर आला, आपोआप चालणारा. जुन्याला तो एकटाच ओळखायचा. कुठली झडप किती फिरवायची ते त्याला आवाजावरून कळायचं. डॉक्टर पण त्याला "बॉयलरमास्तर" म्हणायचे. नव्या बॉयलरला माणूस लागत नव्हता. त्याच्या हातात झाडू दिला. आणि त्याच आठवड्यात मला धुलाईच्या हौदावरून काढून रजिस्टर दिलं, वरची जागा. तो घरी आला आणि म्हणाला, झाडू दिला. मी म्हटलं, मग काय झालं? मी अकरा वर्षं दुसऱ्यांचं मळकं धुतलं, मला काय पदक मिळालं? झाडू तर झाडू, पगार तोच आहे ना?

खरंच तर बोलले. आजही माझं म्हणणं तेच आहे. त्यात घर सोडून जाण्यासारखं काय होतं? तो हसला होता तेव्हा. मला वाटलं पटलं.

आज कामावर शिंपी मास्तरांनी विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं, काही ठरलं नाही, खोली बहुतेक जाते. ते म्हणाले, "माझ्याकडे पुढची खोली रिकामीच असते. आजींना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. दोघींनाही जागा आहे." मी म्हटलं, आम्हाला दुसऱ्याची खोली नको मास्तर, भाडेकरू पाहिजे असेल तर पाटी लावा. त्यांनी जी मान खाली घातली ती मी निघेपर्यंत वर केली नाही. एवढं वाईट वाटायला काय झालं? भाड्याने देणार नव्हते तर फुकट कोण देतं?

जाताना त्यांच्या टेबलावर एक बाद चादर होती, दुहेरी, पांढरी, मध्ये सुंदर शिवलेली. चिप काढलेली. मी म्हटलं, ही नेऊ का? ते म्हणाले, सगळ्या तुमच्याच आहेत. बोलायची काय पद्धत.


रविवार, ता. २४

आज सकाळी कप लागला नाही.

मी म्हातारीला म्हटलं, आज मी लावते. कसं लावतात ते दाखवा. ती म्हणाली, काय लावणार? मी बाद चादर दोरीवर टाकली, चारही कोपऱ्यांना चिमटे लावले. धुलाईतली निशाण करायची शाई आणली होती, काळी, जी उकळत्या पाण्यातही जात नाही. वॉर्डाचे नंबर टाकतो त्या ब्रशने लिहायला बसले. हाताएवढी अक्षरं. मध्येच जागा संपायला आली तर बारीक केली. म्हातारी चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होती. एका ठिकाणी म्हणाली, इथे जरा मऊ लिही. मी म्हटलं, शाई मऊ नसते.

तीच म्हणाली, सगळ्यांना दिसेल, त्या कारकुनाला, वकीलबाईंना, शिंप्याला. मी म्हटलं, दिसू दे. दोन वर्षं सगळ्यांना माझी टाच दिसली, आता तोंड दिसू दे. एका फोटोत मावेना, चार काढावे लागले. म्हातारीने काढले, नीट आले. लावून झाल्यावर दोघी मोबाइल मध्ये ठेवून बसलो.

सात वाजून दहा मिनिटांनी डोळ्याच्या खुणेखाली पहिलं नाव आलं, चष्म्याचं दुकान. त्याच्या मागोमाग शिंपी मास्तर.

उद्या पुसलं की उद्या परत लावणार. परवा परत. चादर दोरीवरच राहू दे, बुधवारपर्यंत. काय लिहिलंय ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी असं नव्हते बोलले.

चष्म्याच्या दुकानास,

आई बरी आहे. चष्मा आला. गुडघा तसाच आहे. माझं विचारू नका.

क्वार्टर ऑफिसच्या खिडकीत एक अंगठा लावायचा आहे. पाच मिनिटांचं काम. तुम्हाला बघायला मी येणार नाही, नको असेल तर. अंगठा लावून परत जिथून आलात तिथे जा. झाडू दिला म्हणून तुम्ही लहान झाला नव्हता. मी तेव्हा जे बोलले ते घाईत बोलले, पण खोटं नव्हतं.

नाही आलात तर बुधवारी मी कोर्टात खरं सांगणार. की हा माणूस जिवंत आहे, रोज सकाळी साडेसहाला आमचा चहा बघतो. मग मी विधवा नाही, खोली गेली. घटस्फोट घेईन. आई कायद्याने माझी कुणी राहणार नाही, तरी माझ्याकडेच राहील. ते तुम्हाला विचारत नाही.

विचारते एवढंच, की मी तुमची कोण आहे. कॉम्प्युटरला चार उत्तरं माहीत आहेत, मला एक पाहिजे, तुमच्या तोंडून. फुंकर मारून फोन ठेवू नका. बोला.

बुधवार, ता. २७, सकाळी अकराच्या आत.